नाकातल्या जिवाणूंना शिक्षा आधी, चौकशी मागाहून

'सायनस झाला आहे' हे वाक्य भारतीय हिवाळ्यात जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने ते चुकीचे असते. सायनस हा रोग नव्हे. चेहऱ्याच्या हाडांतील हवेने भरलेल्या पोकळ्यांचे ते नाव आहे. पण या वाक्यानंतर जे घडते, ते शब्दाच्या चुकीपुरते मर्यादित राहत नाही. लखनऊ छावणीतल्या सदर बाजारापासून पुण्याच्या सदाशिव पेठेपर्यंत पुढची पायरी ठरलेली असते, ती म्हणजे प्रतिजैविकाची पट्टी. सर्दीचा दिवस चौथा असो वा चौदावा, नाक विषाणूमुळे वाहत असो वा परागकणांच्या ॲलर्जीमुळे, निकाल एकच लागतो. नाकात जिवाणू आहेत, म्हणून ते दोषी आहेत. दोषी आहेत, म्हणून त्यांना मारा.

या न्यायपद्धतीत चौकशी नाही आणि साक्षीपुरावाही नाही. गेल्या वीस वर्षांत श्वासमार्गातील जिवाणूंविषयी जे ज्ञान हाती आले आहे, ते या निकालाच्या जवळजवळ उलट आहे. तरीही ते ज्ञान दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेले नाही आणि वृत्तपत्रांतील विज्ञानाच्या स्तंभात पोहोचते तेव्हा 'अमुक जिवाणूमुळे दमा होतो' अशा मथळ्याच्या रूपात पोहोचते. मथळा आणि पट्टी ही एकाच अज्ञानाची दोन अपत्ये आहेत.

आधी आकडे पाहावेत. भारतातील खासगी क्षेत्रातील प्रतिजैविकांच्या २०१९ मधील खपाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वाधिक खपलेली औषधरचना होती ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. एकूण खपात तिचा वाटा ७.६ टक्के. घसा, नाक आणि छाती यांच्या तक्रारींवर सर्रास दिली जाणारी हीच ती गोळी. दुसरीकडे वैद्यकशास्त्र काय सांगते? प्रौढांमध्ये विषाणूजन्य सर्दीनंतर सायनसमध्ये खरोखर जिवाणूंचा संसर्ग होण्याचे प्रमाण फार तर दोन टक्के असते. २०१२ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस येथे सायनसदाहाच्या १६६ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना दहा दिवस अमॉक्सिसिलिन दिले गेले, तर काहींना नुसती दिखाऊ गोळी. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत फरक नव्हता आणि दहाव्या दिवशीही नव्हता.

'पण शेंबूड हिरवा होता' हा या वादातील सर्वांत लोकप्रिय पुरावा आहे आणि सर्वांत पोकळही. हिरवा रंग जिवाणूंचा नसतो. शरीराच्या पांढऱ्या पेशींमध्ये मायलोपेरॉक्सिडेज नावाचे विकर असते आणि त्याचा स्वतःचाच रंग हिरवा असतो. पांढऱ्या पेशी विषाणूविरुद्धही धावून येतात. हिरवा शेंबूड पाहून जिवाणूंना दोषी ठरवणे म्हणजे पोलिसांचा गणवेश पाहून चोराची ओळख पटवणे होय.

प्रतिजैविक कधीच देऊ नये, असा याचा अर्थ नाही. लक्षणे दहा दिवसांनंतरही यत्किंचितही कमी न होणे. आरंभापासूनच सलग तीन-चार दिवस जोराचा ताप आणि पूयुक्त स्राव असणे. किंवा सर्दी बरी होत असतानाच पुन्हा उलटून ताप चढणे, ही जिवाणूसंसर्गाची मान्य लक्षणे आहेत. डोळ्याभोवती सूज, दृष्टीत बदल किंवा असह्य डोकेदुखी असेल तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रश्न या रुग्णांचा नाही. प्रश्न आहे तो यांच्या नावावर गोळी घेणाऱ्या उरलेल्या प्रचंड गर्दीचा.

आता मूळ मुद्द्याकडे. नाक ही निर्जन जागा आहे आणि जिवाणू तेथे घुसखोरी करतात, ही कल्पनाच मोडीत निघाली आहे. अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झालेल्या मानवी सूक्ष्मजीव प्रकल्पाने निरोगी माणसांच्या शरीराचे जे पाच प्रमुख भाग निवडले, त्यांत नाकाचा समावेश होता. निरोगी नाकात कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस, क्युटिबॅक्टेरियम यांची कायमची वस्ती असते. फुप्फुसे निर्जंतुक असतात, हे पाठ्यपुस्तकातील वाक्यही टिकले नाही. २०१० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवले की निरोगी माणसाच्या खोल श्वासनलिकांतही जिवाणू असतात. दम्याच्या रुग्णांत मात्र ही वस्ती बदललेली दिसते. हिमोफिलससारखे जिवाणू वाढलेले आणि प्रिव्होटेलासारखे घटलेले. म्हणजे तपासायचे असते ते कोण, किती आणि कोणाच्या शेजारी. 'जिवाणू आहेत का' हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

वेळेचाही प्रश्न आहे. कोपनहेगन येथे ३२१ नवजात बालकांच्या घशातील जिवाणूंची एक महिन्याच्या वयात तपासणी झाली. न्यूमोकोकस, मोरॅक्सेला कॅटॅरॅलिस किंवा हिमोफिलस इन्फ्लुएन्झा यांपैकी एखादा जिवाणू २१ टक्के बालकांत सापडला. ही बालके पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्यात घरघर आणि दमा यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या २३४ बालकांच्या अभ्यासानेही त्याच दिशेने बोट दाखवले. फार लवकर स्ट्रेप्टोकोकसची वस्ती झालेल्या मुलांत पुढे दम्याचा धोका जास्त होता.

येथे घाईने निष्कर्ष काढणारा म्हणेल, 'मग बाळांना प्रतिजैविके द्या!' नेमके उलट घडलेले आहे. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००० ते २०१४ या काळात एक वर्षाखालील बालकांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. त्याच काळात एक ते चार वर्षांच्या मुलांतील दम्याचे नवे निदान २६ टक्क्यांनी घटले. हा कार्यकारणाचा निर्णायक पुरावा नाही, पण तो गोळीच्या बाजूचा साक्षीदारही नाही. जिवाणूंची वस्ती ही वाढत्या प्रतिकारशक्तीची शाळा असते. वर्गातला एक दांडगट मुलगा आवरण्यासाठी शाळाच पेटवून द्यावी, असे कोणी म्हणत नाही. अर्भकाच्या साध्या सर्दीवर प्रतिजैविक देताना मात्र तेच घडते.

जिवाणू निरपराध आहेत, असे म्हणणेही तितकेच चुकीचे ठरेल. नाकातील मांसवाढ, म्हणजे पॉलिप, हे त्याचे उत्तम उदाहरण. बेल्जियममधील गेंट येथे क्लॉस बाखर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ नंतर दाखवून दिले की मांसवाढ असलेल्या रुग्णांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सुमारे दोन-तृतीयांश जणांत आढळतो; निरोगी माणसांत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास असते. हा जिवाणू काही विषद्रव्ये सोडतो. एरवी एखाद्या प्रतिजनाला प्रतिकारपेशींपैकी अगदी मोजक्याच पेशी ओळखतात. ही विषद्रव्ये मात्र एका वेळी पेशींच्या मोठ्या समूहाला चेतवतात. परिणामी नाकाच्या अस्तरात ॲलर्जीची प्रतिपिंडे, म्हणजे आयजीई, स्थानिक पातळीवर तयार होऊ लागतात, इओसिनोफिल पेशी गोळा होतात आणि सूज ओसरत नाही. येथे जिवाणू ऊतींवर चाल करून जात नाही. तो शरीराच्या स्वतःच्या सैन्याला चुकीच्या दिशेने गोळीबार करायला लावतो. अशा वेळी केवळ जिवाणू मारून काय साधणार? नाकात फवारायचे स्टिरॉइड आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे या आजाराच्या उपचाराचे पहिले आधार आहेत, ते याच कारणाने. हट्टी मांसवाढीसाठी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेले ड्युपिलुमॅब हे औषधही जिवाणूंना हात लावत नाही. ते प्रतिकारशक्तीचे संदेश अडवते.

लखनऊसाठी तर आणखी एक धागा अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि तो धुराचा. २०१७ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की काजळीच्या कणांमुळे स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि न्यूमोकोकस यांच्या चिकट थरांची रचनाच बदलते आणि उंदरांमध्ये न्यूमोकोकस नाकातून फुप्फुसांत पसरायला मदत होते. भारतात सूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ वर आणली. लखनऊतील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शहराच्या हवेचे मापन प्रसिद्ध करते. हवा मोजली जाते. पण त्या हवेने नाकातल्या वस्तीचे काय केले, हे कोण मोजते?

येथे दुसऱ्या बाजूच्या उतावळ्यांचाही समाचार घ्यायला हवा. प्रतिजैविकाच्या पट्टीला पर्याय म्हणून आता 'सूक्ष्मजीव चाचणी' आणि 'ॲलर्जी घालवणारे प्रोबायोटिक' यांची बाजारपेठ उभी राहते आहे. त्यांचा युक्तिवाद मोहक असतो. जिवाणूंचा समतोल ढळला म्हणून आजार झाला, तर चांगले जिवाणू गिळा. पण समतोल ढळणे हे कारण आहे की परिणाम? सुजलेल्या, श्लेष्म्याने भरलेल्या, प्राणवायू कमी झालेल्या पोकळीत वेगळे जिवाणू वाढणारच. पाणथळ जागी शेवाळ दिसते, म्हणून शेवाळानेच पाणी आणले असे ठरत नाही.

या चुकीची किंमत विज्ञानाने एकदा मोजलेली आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी जाहीर केले की दीर्घकालीन सायनसदाहाच्या २१० पैकी २०२ रुग्णांच्या नाकात बुरशी सापडली. जगभर खळबळ उडाली. आता सायनसचे कोडे सुटले, असे वाटले. पण त्याच अभ्यासात तुलनेसाठी घेतलेल्या १४ निरोगी व्यक्तींच्या नाकातही बुरशी होती, चौदापैकी चौदा जणांच्या! तरीही बुरशीनाशकाने नाक धुण्याची लाट आली. २००६ मध्ये ११६ रुग्णांवरील काटेकोर चाचणीत ॲम्फोटेरिसिनने नाक धुण्याचा साध्या द्रावणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही आणि ती लाट ओसरली. बुरशीमुळे होणारा ॲलर्जीचा सायनसदाह हा वेगळा आणि खरा आजार उत्तर भारतात आढळतो, म्हणून हा धडा येथे अधिकच लागू होतो. एका गटाचे सत्य सगळ्यांच्या माथी मारले, की सत्यच बदनाम होते.

जिवाणूंच्या बाबतीतही तेच घडू शकते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील अभ्यासाने कोरिनेबॅक्टेरियम ट्युबरक्युलोस्टिअरिकम हा जिवाणू सायनसदाहाचा खलनायक आणि लॅक्टोबॅसिलस साकेई हा रक्षक ठरवला. पण रुग्ण होते अवघे दहा आणि उरलेला आधार उंदरांचा. पुढे तोच कथित खलनायक निरोगी नाकांतही मुबलक सापडला. शिवाय २०१४ मध्ये आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड झाली. प्रयोगशाळेतील रसायनांतच जिवाणूंचा डीएनए असतो आणि नमुन्यात जिवाणू कमी असतील, तर अहवालात रुग्णाच्या जिवाणूंऐवजी बाटलीतले जिवाणूच दिसू शकतात. सायनस आणि फुप्फुसे यांचे नमुने नेमके असेच विरळ असतात. कोरा, नमुनाविरहित तपास समांतर केला आहे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी अशा प्रत्येक बातमीला विचारायला हवा.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दाही मांडला पाहिजे. दम्यात ॲझिथ्रोमायसिन उपयोगी पडते, असे दाखवणारी चाचणी आहे. ऑस्ट्रेलियातील ४२० प्रौढांवरील चाचणीत ४८ आठवडे, आठवड्यातून तीनदा हे औषध घेणाऱ्यांत दम्याच्या तीव्र झटक्यांचे प्रमाण प्रतिवर्षी १.०७ होते, तर दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ते १.८६ होते. ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पण ती कोणावर झाली? नियमित श्वसनौषधे घेऊनही त्रास न थांबणाऱ्या निवडक रुग्णांवर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. नंतरच्या विश्लेषणात त्यांच्या श्वासमार्गात औषधाला दाद न देणारी जनुके वाढलेली आढळली. दीर्घकालीन सायनसदाहाच्या ६० रुग्णांवरील चाचणीत तीन महिने हेच औषध घेणाऱ्यांना मात्र दिखाऊ गोळीपेक्षा उल्लेखनीय लाभ झाला नाही. तो अभ्यास २०११ चा. निवडक रुग्णाचे शेवटचे अस्त्र आणि सदर बाजारात सर्दीवर मिळणारी पट्टी यांत नाव सोडून काहीही समान नाही.

'पण भारतातले डॉक्टर काय करणार? रांगेत शंभर रुग्ण, चाचणीला पैसे नाहीत, रुग्णालाच गोळी हवी असते,' असे उत्तर मिळते. अडचण खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने १ फेब्रुवारी २०११ या एकाच दिवशी देशभरातील डॉक्टरांकडे आलेल्या २,०४,९१२ रुग्णांची नोंद संकलित केली. त्यांतील निम्म्या रुग्णांना श्वसनाची तक्रार होती. एवढ्या मोठ्या संख्येवर चुकीची सवय लादली जाते, तेव्हा तिला गर्दीची सबब पुरत नाही. गर्दीमुळेच ती चूक अधिक घातक होते.

आणि या चुकीचा दुसरा चेहरा आणखी विदारक आहे. भारतातील नऊ केंद्रांवर झालेला दम्याचा मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या केंद्रांत लखनऊ होते आणि पुणेही. श्वास घेताना घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना आपल्याला दमा आहे, हे कोणी सांगितलेलेच नव्हते. तीव्र लक्षणे असलेल्यांतही हे प्रमाण ७० टक्के होते. दम्याचे निदान झालेल्यांपैकीही दहा टक्क्यांहून कमी जण रोज श्वासावाटे स्टिरॉइड घेत होते. म्हणजे जे औषध हवे ते पोहोचत नाही आणि जे नको ते दाराशी येऊन उभे राहते. बाळाच्या घरघरीवर खोकल्याचे औषध आणि प्रतिजैविक मिळते. श्वासयंत्राच्या नावाने मात्र कुटुंब दचकते. जिवाणूंविरुद्धच्या या खोट्या युद्धात दमा बिनबोभाट वाढत राहतो.

मग करायचे काय? उत्तर लखनऊ छावणीपाशीच सापडू शकते. छावणीत मध्य कमांडचे रुग्णालय आहे, आर्मी मेडिकल कोअरचे प्रशिक्षण केंद्र व महाविद्यालय आहे आणि ११ गोरखा रायफल्सचे केंद्र आहे. चौकात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ, रायबरेली मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर संस्था. शिवाय केंद्रीय औषध संशोधन संस्था, विषविज्ञान संस्था आणि राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था याच शहरात. परागकण, धूर, जिवाणू, औषध आणि रुग्ण या पाचही बाजूंचे जाणकार एका शहरात असण्याचे भाग्य फार थोड्या गावांना लाभते.

छावणीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तेथे देशाच्या कानाकोपऱ्यातून तरुण येतात, एकाच बराकीत झोपतात, एकच अन्न खातात, एकाच मैदानावर धावतात आणि त्यांच्या आरोग्याची नोंद राहते. सातारा किंवा कोल्हापूरहून आलेल्या जवानाच्या नाकातील वस्ती लखनऊच्या एका हिवाळ्यात किती बदलते? नव्याने ॲलर्जी झालेल्यांत तो बदल वेगळा असतो का? बदली होऊन तो पुन्हा स्वच्छ हवेत गेला, तर जुनी वस्ती परतते का? कारण आधी की परिणाम आधी, या प्रश्नाचे उत्तर एका वेळच्या नमुन्यातून कधीच मिळत नाही. ते एकाच माणसाच्या पुन:पुन्हा घेतलेल्या नमुन्यांतून मिळते. छावणी ही त्यासाठी जणू बांधून ठेवलेली प्रयोगशाळा आहे. अट एकच. शिस्तीच्या संस्थेत 'हो' म्हणणे सोपे आणि 'नाही' म्हणणे कठीण असते, म्हणून संमती खरोखर ऐच्छिक असली पाहिजे आणि नकाराची नोंद वरिष्ठांपर्यंत जाता कामा नये.

सैन्य आणि नाकातील जिवाणू यांचे नाते जुनेच आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील केटरहॅमच्या बराकींत ग्लोव्हर या लष्करी डॉक्टराने दाखवले की खाटा जवळजवळ आल्या, की मेनिंजायटिसचे जिवाणू नाकाघशात वाहणाऱ्या जवानांची संख्या झपाट्याने वाढते. खाटांत किमान अडीच फुटांचे अंतर ठेवले, की ती उतरते. ना गोळी, ना इंजेक्शन. मोजमाप आणि जागा. शंभर वर्षांपूर्वी जे सुचले, ते जनुकांचे वाचन स्वस्त झालेल्या काळात सुचू नये?

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राने देशातील ३२ जमाती आणि २०,००० भारतीय यांच्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा २०१९ मध्ये जाहीर झालेल्या वर्णनात लाळ, विष्ठा आणि त्वचा यांचे नमुने होते. उपक्रम स्तुत्य होता; पण त्या यादीत नाक नव्हते. ज्या देशातील निम्मे रुग्ण श्वसनाची तक्रार घेऊन येतात, त्या देशाच्या सूक्ष्मजीवांच्या नकाशातून श्वासाचे दारच वगळणे परवडणारे नाही. कोपनहेगनची बाळे आणि पर्थची मुले यांच्यावरून काढलेले निष्कर्ष लखनऊच्या धुरात वाढणाऱ्या मुलाला जसेच्या तसे लागू होतात, असे गृहीत धरणे हा विज्ञानाचा आळस आहे.

मागण्या साध्या आहेत. देशाच्या सूक्ष्मजीव अभ्यासात नाक आणि घसा यांचा समावेश करावा. लखनऊ आणि पुणे येथे जन्मापासून पाच वर्षांपर्यंत बालकांचा पाठपुरावा करणारे अभ्यास उभारावेत आणि त्यांत हवेची नोंद जोडावी. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकू नये, हा अस्तित्वात असलेला नियम औषधाच्या दुकानात दिसावा. घरघर करणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविकापूर्वी दम्याची तपासणी मिळावी. आणि 'जिवाणूमुळे ॲलर्जी' असा मथळा छापण्यापूर्वी रुग्ण किती, निरोगी माणसांत काय आढळले आणि कारण आधी होते की परिणाम, ही तीन उत्तरे बातमीत असावीत.

नाकातले जिवाणू फाशीच्या लायकीचे गुन्हेगारही नाहीत आणि बाटलीत भरून विकण्याजोगे देवदूतही नाहीत. ते माणसाच्या पहिल्या श्वासानंतर लगेच वस्तीला येणारे शेजारी आहेत. शेजाऱ्याशी कसे वागावे, हे ठरवण्याआधी निदान त्याचे नाव तरी विचारावे लागते.

#विज्ञानवार्ता #श्वसनआरोग्य #प्रतिजैविके